ओहायो स्टेट फुटबॉल २०२४ : मिशिगनशी हरलो, आता पुढे काय?

कोलंबसकर | १ डिसेंबर २०२४

'अमेरिकेतले खेळ' धाग्यावर क्रिकेटवाले वैतागायला लागलेत म्हणून ओहायो स्टेटच्या, म्हणजे इथल्या कोलंबसच्या विद्यापीठाच्या, अमेरिकन फुटबॉलसाठी हा वेगळा धागा काढतोय. मुहूर्त वाईट आहे, मान्य. काल मिशिगनने आपल्याला आपल्याच घरात १३-१० ने हरवलं, सलग चौथं वर्ष, आणि हे गेल्या वर्षीचं चॅम्पियन मिशिगन नव्हे, यंदा ६-५ अशी रडतखडत इथवर पोचलेली टीम, ज्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूने, अख्ख्या मॅचमधे ६२ यार्डांचे पास टाकले, दोनदा बॉल आपल्या हातात आणून दिला आणि तरी जिंकून गेले. आपण रँकिंगमधे दुसरे, ते रँकिंगमधे नाहीतच. बेटिंगवाल्यांनी आपल्याला वीसेक पॉइंटांनी पुढे धरलं होतं.

हरल्याचं एक वेळ चालेल, कसे हरलो ते डोक्यातून जात नाहीये. तुमच्याकडे जेरमाया स्मिथ आहे, एग्बुका आहे, कार्नेल टेट आहे, देशात अशी रिसीव्हरांची (पास पकडणाऱ्यांची) फळी दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि तुम्ही करता काय तर बॉल पोटाशी धरून सरळ मधे घुसता, जिथे मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट उभे आहेत. एकदा आपटलात, ठीक. दुसऱ्यांदा आपटलात. तिसऱ्यांदा तरी बाहेरून जा ना बाबा! धावून एकूण ७७ यार्ड. डावा टॅकल सिमन्स ऑक्टोबरातच ऑरेगॉनला गुडघा घालवून बसला, सेंटर मॅकलॉफ्लिन नोव्हेंबरात प्रॅक्टिस करताना जायबंदी झाला, म्हणजे पुढची फळी आधीच ठिगळं लावलेली, आणि त्याच फळीच्या जिवावर मधूनच घुसायचं हा हट्ट नक्की कुणाचा, मुख्य कोच रायन डेचा की आक्रमणाची आखणी करणाऱ्या चिप केलीचा? आपल्या किकरने, जेडन फील्डिंगने, दोन किक घालवल्या म्हणून सगळे त्या पोराला धुतायत पण १० पॉइंटांवर मॅच अडकवली कुणी?

निळापिवळा | १ डिसेंबर

ॲन आर्बरहून, म्हणजे मिशिगनच्या घरून, नमस्कार. सत्कार कुठे ठेवलाय, फेटा माझ्या मापाचा आणा :)

कोलंबसकर | १ डिसेंबर

आलास का. मला वाटलंच धागा निघायच्या आत तू दारात उभा असणार.

चिंचगुळ | १ डिसेंबर

मी कोथरूडमधे बसून वाचतेय, खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण मुलगा कोलंबसला एमएस करतोय, काल रात्री व्हिडिओ कॉलवर असा चेहरा करून बसला होता की मला वाटलं पेपर वाईट गेला की काय. म्हणे मिशिगनशी हरलो. अरे पण तुझा काय संबंध, तू तर ऑगस्टमधे गेलास! गेल्या आठवड्यात फोटो पाठवले होते त्याने, कॉलेजभर जिथे जिथे एम अक्षर आहे तिथे तिथे लाल चिकटपट्टीची फुली मारलेली. लायब्ररीच्या पाटीवर, बिल्डिंगच्या नावांवर, सगळीकडे. मला आधी वाटलं कुणी वात्रट पोरांनी केलंय तर म्हणे दरवर्षी करतात. एवढं काय वैर आहे?

ढोलवाला | १ डिसेंबर

ताई, वैर कॉलेजांच्याही आधीचं आहे. १८३५ मधे टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन दोघांनी आपापली मिलिशिया उभी केली होती. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला वरचा द्वीपकल्प देऊन गप्प बसवलं. फुटबॉल १८९७ पासून. मिशिगनला हरवलं की इथल्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या चड्डीच्या आकाराचं एक छोटं पदक मिळतं, १९३४ पासूनची प्रथा. आत्ताच्या टीममधली चौथ्या वर्षाची पोरं ते न मिळवताच कॉलेज सोडणार, हे खरं दुखणं आहे.

तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला लगेच कळेल असं सांगतो. पुरुषोत्तमच्या फायनलला भरत नाट्यमधे दोन कॉलेजं 'आवाज कुणाचा' म्हणून घसा फोडतात ना, ते एक लाख माणसांनी भरलेल्या दगडी स्टेडियममधे आणून ठेवा. इथे अर्ध्यांनी 'ओ-एच' ओरडायचं, उरलेल्यांनी 'आय-ओ'. रस्त्यात, विमानतळावर, मंडळाच्या गणपतीत आरती संपल्यावरसुद्धा ऐकलंय मी.

चिंचगुळ | १ डिसेंबर

आरतीनंतर!! धन्य आहे.

नाक्यावरचा | २ डिसेंबर

झेंड्याचं कुणी बोलत नाहीये. मॅच संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी झेंडा आणून आपल्या मैदानाच्या मधोमध, त्या मोठ्या 'ओ' अक्षरावर रोवायला घेतला, जॅक सॉयरने जाऊन तो काठीवरून ओरबाडून काढला आणि मग जी झोंबाझोंबी झाली त्यात पोलिसांना पेपर स्प्रे मारायला लागला. दोन्ही कॉलेजांना त्यांच्या बिग टेन कॉन्फरन्सने (कॉलेजांचा गट) १-१ लाख डॉलर दंड ठोकलाय. सॉयर कोलंबसच्या बाजूच्याच पिकरिंग्टनचा, घरचा पोरगा. त्याच्या डोळ्यांदेखत चौथ्या वर्षी हे होतंय, हात शिवशिवणारच.

निळापिवळा | २ डिसेंबर

जिंकलेल्याने झेंडा रोवायचा नाही तर काय हरलेल्याने? आणि बेकर मेफील्डच्या वेळी काय झालं होतं आठवतंय ना, २०१७ ला त्याच्या ओक्लाहोमाने तुमच्याच मैदानात रोवला होता. त्या मैदानाला सवय आहे.

मुक्ता_डब्लिन | २ डिसेंबर

(डब्लिन म्हणजे ओहायोतलं, दर वेळी सांगावं लागतं.)

मला एक कळत नाही. डेचा रेकॉर्ड ६६-१० आहे. ६६ जिंकल्या, १० हरल्या. असा कोच कुठलंही कॉलेज डोक्यावर घेईल आणि आमचे लोक त्याला हाकला म्हणतायत कारण त्या १० मधल्या ४ मिशिगनच्या आहेत. माझा नवरा कालपासून हेच करतोय, एका ग्रुपवर हाकला, दुसऱ्या ग्रुपवर पण हाकला. अरे, प्लेऑफ, म्हणजे देशाच्या चॅम्पियनशिपची बाद फेरी, आहे अजून! यंदा पहिल्यांदाच १२ टीम्स घेणारेत, आपण १०-२ असलो तरी आत जाणार.

कोलंबसकर | २ डिसेंबर

तेच तर पटत नाही मला. २०१४ पासून चारच टीम्स जायच्या, त्या हिशोबाने आज आपला सीझन संपला असता आणि तो संपायलाच हवा होता. मिशिगनशी हरलात की दार बंद, त्या एका शनिवारची किंमतच त्यात होती. आता हरा, झोपून उठा, तीन आठवड्यांनी परत या, असं झालंय. आपण बिग टेनच्या फायनललाही नाही पोचलो, पेन स्टेट गेली आपल्या जागी, तिला आपण महिन्याभरापूर्वी त्यांच्या घरात २०-१३ ने पाणी पाजलं होतं.

ढोलवाला | ९ डिसेंबर

ड्रॉ आला. आपण आठवे, टेनेसी नववी, मॅच आपल्याकडे २१ तारखेला रात्री ८ ला. ओहायोत, डिसेंबरात, रात्री. कोण कोण जातंय? आणि जिंकलो तर पुढे रोझ बोल नावाच्या क्वार्टरफायनलला ऑरेगॉन. म्हणजे ती बिचारी १३-० ने पहिली आली आणि बक्षीस काय, तर आपण. पहिल्या चार जागा कॉन्फरन्स चॅम्पियन लोकांनाच द्यायच्या यंदाच्या नियमामुळे बॉइसी स्टेट तिसरी आणि ॲरिझोना स्टेट चौथी बसलीये, त्यामुळे सगळी उतरंड गडबडली आहे.

अजून एक करमणूक : ओहायोच्या एका आमदाराने विधेयक आणलंय की स्टेडियममधे मॅचनंतर झेंडा रोवणं हा गंभीर गुन्हा धरावा. आपल्याकडचे आमदार उगाच बदनाम आहेत.

मुक्ता_डब्लिन | २२ डिसेंबर

जाऊन आलो. ४२-१७. आधी थंडीचं सांगते, उणे चार होतं आणि ॲल्युमिनियमच्या बाकावर बसलं की खालून जो गारठा चढतो त्यापुढे थर्मल बिर्मल काही चालत नाही, आम्ही घरून पुठ्ठे नेले होते बसायला, मागच्या रांगेतल्या आजींनी एक मागून घेतला. पारदर्शक पिशवीतूनच सामान न्यायचा नियम आहे त्यामुळे माझे तिळाचे लाडू सगळ्यांना दिसत होते आणि गेटवरच्या माणसाने विचारलंच हे काय म्हणून. (नेऊ नाही दिले.)

आत गेलो तर नारंगीच नारंगी! पोरं सुट्टीला घरी गेलेली, लोकांनी तिकिटं विकून टाकलेली, मिशिगनचा राग होता सगळ्यांना, त्यामुळे टेनेसीवाले झुंडीने आलेले आणि आपल्याच स्टेडियममधे त्यांचं गाणं. दहा मिनिटं फार लाज वाटली. मग पहिल्या तिन्ही वेळा बॉल हातात आला की टचडाउन, २१-०, आणि नारंगी भाग असा काही गप्प झाला की बस. मधे घुसणं बंद! लांब पास, बाजूला पास, स्मिथला पास, परत स्मिथला पास. मी नवऱ्याला म्हटलं हे तीन आठवड्यांपूर्वी कुठे ठेवलं होतं यांनी?

कोलंबसकर | २२ डिसेंबर

नेमका हाच प्रश्न. मिशिगननंतर खेळाडूंनी आपसात मीटिंग घेतली, त्यात चांगलंच वाजलं म्हणतात. माझं मत असं की ३० नोव्हेंबरपर्यंत ही टीम हरायचं नाही म्हणून खेळत होती, मिशिगन समोर आलं की डे साहेबांना अंगात ताकद दाखवायची असते, आम्ही नाजूक नाही, आम्हीपण मधून फोडतो. तिथे नाक कापलं गेलं, आता दाखवायला काही उरलं नाही, तर मोकळे होऊन खेळतायत.

निळापिवळा | २३ डिसेंबर

म्हणजे आम्ही तुमचा कोच दुरुस्त करून दिला. बिल पाठवतो.

शाळामास्तर | २८ डिसेंबर

नाशिकहून वाचतोय, मुलीकडे डेट्रॉइटला राहून आलेलो असल्याने थोडं कळतं. एक विचारू का, ही कॉलेजची पोरं म्हणायची का? वाचलं की टीमवर २ कोटी डॉलर खर्च झालाय. आम्ही विद्यापीठाकडून कबड्डी खेळायला गेलो की सेकंड क्लासचं भाडं आणि टीए-डीएच्या पावतीवर सही, आणि ते पैसेही परीक्षा झाल्यावर मिळायचे.

ढोलवाला | २८ डिसेंबर

सर, २ कोटीचा आकडा ओहायो स्टेटच्या ॲथलेटिक डायरेक्टरनेच दिलाय, लपवाछपवी नाही. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, फोटोवर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, त्याआधी गोंदवून घ्यायच्या बदल्यात ती पदकं वगैरे दिली म्हणून इथल्या खेळाडूंवर बंदी आली होती आणि ट्रेसल नावाच्या कोचची नोकरी गेली होती. आता सगळं राजरोस. शिवाय कॉलेज बदलणं सोपं झालंय, यंदाचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलाय, जडकिन्स मिसिसिपीहून, केलेब डाउन्स आणि तो मॅकलॉफ्लिन अलाबामाहून. पण नुसती विकतची टीम म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सॉयर, तुइमोलोआउ, एग्बुका, हेंडरसन ही पोरं गेल्याच वर्षी एनएफएलला (व्यावसायिक लीगला) जाऊ शकली असती, थांबली ती मिशिगनला हरवायला आणि चॅम्पियनशिपला.

शाळामास्तर | २८ डिसेंबर

पहिलं राहिलंच म्हणायचं.

नाक्यावरचा | २ जानेवारी २०२५

३४-०!!! ऑरेगॉनला! रोझ बोलला! हाफटाइमच्या आधी ३४-०! कुणी जागं आहे का??

कोलंबसकर | २ जानेवारी

सगळं गाव जागं आहे. ४१-२१. ऑक्टोबरात हेच ऑरेगॉन आपल्याला ३२-३१ ने हरवून गेलं होतं, शेवटचे काही सेकंद उरलेले असताना त्यांनी मैदानात ११ ऐवजी १२ माणसं उभी केली, दंड काय तर ५ यार्ड, पण घड्याळातले ४ सेकंद आमचे गेले ते गेलेच, आणि मग हॉवर्ड धावत जाऊन घसरून बसला तोवर शून्य. त्या लबाडीनंतर आठवड्याभरात नियमाचा खुलासा बदलावा लागला. काल त्याचं व्याजासकट. स्मिथ एकटा १८७ यार्ड. १९ वर्षांचा पोरगा आहे हो तो, कॉलेजचं पहिलं वर्ष!

चिंचगुळ | ११ जानेवारी

आमच्याकडे शनिवार सकाळ होती, मुलाने सेमीफायनलची लिंक पाठवली म्हणून पोहे करता करता लावलं. तुम्ही सगळे मागे एकदा समजावत होतात ते चार डाउनचं : चार प्रयत्नांत १० यार्ड, जमलं तर परत चार. तेवढं लक्षात ठेवून बघत होते. टेक्सासवाले एक यार्डावर होते, एक यार्ड म्हणजे किती, माझा ओटा त्याहून लांब आहे. मला वाटलं झालं, बरोबरी झाली. मग त्यांनी बाजूला कशाला टाकला बॉल?

ढोलवाला | ११ जानेवारी

ताई, तुम्ही आज अख्ख्या टेक्सासच्या मनातला प्रश्न विचारलात. २१-१४, एक यार्ड, पहिल्या डाउनला मधून गेले, काही नाही. दुसऱ्याला बाजूने फेकून सात यार्ड मागे. तिसरा पास खाली. चौथ्याला आठ यार्डांवरून क्वार्टरबॅक ईवर्स पास टाकायला हात मागे नेतोय, सॉयर टॅकलला वळसा घालून आला, हातावर फटका, बॉल उडाला आणि परत सॉयरच्याच हातात पडला, आणि मग ते धूड ८३ यार्ड पळत सुटलं. शेवटचे वीस यार्ड बघा परत, पाय शिशाचे झालेत, मागून कुणी येतंय का बघायचीपण ताकद नाही. आणि गंमत म्हणजे हा ईवर्स २०२१ ला ओहायो स्टेटमधे होता तेव्हा सॉयरचाच रूममेट!

मुक्ता_डब्लिन | ११ जानेवारी

तोच सॉयर ज्याने झेंडा ओरबाडला होता. मी रडले. हसा खुशाल.

फायनल २० ला सोमवारी अटलांटाला, नोत्र दामशी. इथे सुट्टी आहे. आमच्याकडे या, बटाटेवडे करतेय, ज्यांना यायचंय त्यांनी मंगळवारचा बहाणा आपापला शोधा.

कोलंबसकर | २१ जानेवारी

३४-२३. चॅम्पियन. २०१४ नंतर पहिल्यांदा.

नोत्र दामने पहिलाच ड्राइव्ह (सलग चढाई) १८ प्लेंचा केला, जवळजवळ दहा मिनिटं बॉल सोडलाच नाही, मुक्ताकडे पहिला घाणा संपला तरी आपली बॅटिंग आली नव्हती, म्हणजे तेच ते. मग सलग ३१ पॉइंट. हॉवर्डचे पहिले १३ पास तेराच्या तेरा पकडले. ३१-७ ला आम्ही नाचायला लागलो आणि ते ३१-२३ वर आले, तोंडचं पाणी पळालं. आणि तिथे, तिसरा डाउन, ११ यार्ड हवेत, घड्याळ आपल्या बाजूने आहे, कुठलाही घाबरट कोच बॉल पोटाशी धरून मधे घुसेल आणि वेळ काढेल. आपला हाच कोच ३० नोव्हेंबरला घुसलाच असता. काल त्यांनी लांब फेकला, स्मिथकडे, ५६ यार्ड. तो एक पास बघा, मिशिगन ते अटलांटा काय बदललं ते त्यात आहे. नंतर २६ सेकंद उरलेले असताना फील्डिंगने किक मारली, सरळ मधून. ज्या पोराला सगळे धुवत होते तोच.

समोरचा कोच मार्कस फ्रीमन आपलाच जुना लाइनबॅकर, त्याचं वाईट वाटलं थोडं. थोडंच.

निळापिवळा | २१ जानेवारी

अभिनंदन, मनापासून. आता एक प्रश्न. दोन मॅच हरून चॅम्पियन, २००७ च्या एलएसयूनंतर (लुइझियाना स्टेट) असं कुणी झालं नव्हतं. सोन्याच्या चड्डीचं काय?

कोलंबसकर | २१ जानेवारी

माझं उत्तर तेच आहे जे २ डिसेंबरला होतं. ट्रॉफी मिळाली म्हणून १३-१० पुसलं जात नाही. मी आज खूश आहे आणि तो डाग आहे, दोन्ही आहे.

मुक्ता_डब्लिन | २१ जानेवारी

काय डाग? टेनेसी, ऑरेगॉन, टेक्सास, नोत्र दाम, चारही टीम्स एका महिन्यात आडव्या केल्या. असा रस्ता आजवर कुणाला चालायला लागला नव्हता. जुन्या पद्धतीत चार टीम्स गेल्या असत्या त्यात आपण नसतो, आणि मग सगळ्यात चांगली टीम घरी बसून नाताळचा केक खात बसली असती. मला विचारशील तर रोज सकाळी मिशिगनशी हरेन असल्या सीझनसाठी.

नाक्यावरचा | २१ जानेवारी

रोज सकाळी नको वहिनी, हार्ट आहे मला.

ढोलवाला | २१ जानेवारी

दोघांचं अर्धं अर्धं. मुक्ता म्हणतेय ते टीमबद्दल खरं आहे, कोलंबसकर म्हणतोय ते त्या शनिवारबद्दल. १२ टीम्सच्या प्लेऑफने तो शनिवार स्वस्त झाला का, हे पुढच्या वेळी हरलो की कळेल. तेव्हा जर कुणी 'ठीक आहे, प्लेऑफ आहे ना' म्हणालं, तर स्वस्त झाला. मी तरी यंदा असं म्हणणारं कुणी ऐकलं नाही, मुक्ता सोडून.

शाळामास्तर | २२ जानेवारी

मी मुलीला कळवलं, तिने डेट्रॉइटहून फोन ठेवून दिला. घरात शांतता नांदावी म्हणून हा माझा या धाग्यावरचा शेवटचा प्रतिसाद.

नाक्यावरचा | ३ फेब्रुवारी

२६ जानेवारीला स्टेडियममधे सत्कार झाला, त्याला जेमतेम आठवडा होतोय तर एकेक जण निघाले. डिफेन्सचे कोच नोल्स पेन स्टेटला, चिप केली एनएफएलला रेडर्सकडे. हॉवर्ड, हेंडरसन, जडकिन्स, एग्बुका, सॉयर सगळे एनएफएलच्या ड्राफ्टला (नव्या खेळाडूंच्या निवडीला). स्मिथ आणि डाउन्स आहेत एवढंच. ३० ऑगस्टला पहिलीच मॅच टेक्सासशी, आपल्याकडे. तिकिटांचं आत्तापासून बघा.

निळापिवळा | ३ फेब्रुवारी

आणि २९ नोव्हेंबर, ॲन आर्बर. कोलंबसहून तीन-साडेतीन तास. आदल्या दिवशी या, जेवायला माझ्याकडे, बायको भरली वांगी करते म्हणतेय. लाल जर्सी गाडीत ठेवून आत यायचं.

कोलंबसकर | ३ फेब्रुवारी

वांगी चालतील. जर्सीचं बघू. गाडीत मी, ढोलवाला, नाक्यावरचा, मुक्ता आणि तिचा हाकला-हाकला नवरा, पाच झाले. अजून कुणाला यायचं असेल तर दुसरी गाडी काढावी लागेल, इथेच लिहा.